जजसाहेब गेले, बाया राहिल्या

गावातून एखादा माणूस परागंदा झाला की पहिला सवाल त्याच्या बायकोला होतो. "काय बोलली होतीस गं त्याला?" कुणाचं देणं होतं, कुणाशी वाकडं होतं, आदल्या रात्री कुणाच्या ओट्यावर बसून उठला होता, हे सगळं नंतर. ते विचारायचं तर गावातल्या चार वजनदार माणसांच्या दारात जावं लागतं. तिथं जायला पाय जड होतात. बायकोचं दार जवळ असतं, अन् ते उघडंच असतं.

ही रीत फक्त आपल्याकडचीच असं मला पूर्वी वाटायचं. पण १९३० साली अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरात एक जज भररस्त्यातून नाहीसा झाला, अन् तिथंही नेमकं हेच झालं. त्या गोष्टीला आता शंभर वर्षं होत आली. तिच्यावर पुस्तकं निघाली, पानंच्या पानं छापली गेली. जवळजवळ सगळे लिहिणारे जजसाहेबांच्या मागं धावले. मेले की पळाले? कुणी मारलं? पुरलं कुठं? मला ओढ लागली ती त्यांच्या मागं राहिलेल्या बायांची. साहेब एकदाच गेले. बाया मात्र जन्मभर त्या जाण्याला उत्तरं देत राहिल्या.

आधी माणूस कोण होता ते सांगतो. जोसेफ फोर्स क्रेटर. जन्म १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. कोलंबिया विद्यापीठातून वकील झाला, कॉलेजात कायदा शिकवू लागला. पुढं रॉबर्ट वॅग्नर नावाच्या जजाचा सेक्रेटरी झाला. हेच वॅग्नर नंतर मोठे सिनेटर झाले. पण नुसत्या हुशारीवर न्यूयॉर्कात कुणी वर चढत नसे. शहराची सगळी सूत्रं डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका टोळक्याकडं होती. त्याला टॅमनी हॉल म्हणत. झाडूवाल्यापासून जजापर्यंत कुणाला कुठं बसवायचं ते तिथं ठरे. प्रत्येक भागात पक्षाचा एकेक क्लब, अन् क्लबवर एकेक पुढारी. आपल्याकडं सोसायटी, मार्केट कमिटी, पंचायत समिती एकाच वाड्यातून चालतात, तसाच कारभार. क्रेटर असल्याच एका क्लबचा अध्यक्ष होता.

एप्रिल १९३० मध्ये गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्याला न्यूयॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टावर नेमलं. पुढं राष्ट्राध्यक्ष झाले तेच हे रूझवेल्ट. कोर्टाचं नाव सुप्रीम, पण तिथं ते खालचं, रोजचे खटले चालवणारं कोर्ट. तरी मान मोठा, पगार वर्षाला साडेबावीस हजार डॉलर. क्रेटर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. नेमणुकीच्या सुमारास त्यानं शेअर विकून अन् बँकेतून काढून वीस हजारांवर डॉलर उभे केले होते. टॅमनीत जागेचा भाव म्हणजे एका वर्षाचा पगार, असं लोक उघड बोलत. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, मग लोक का कुजबुजत होते ते कळेल.

त्याच उन्हाळ्यात त्याच क्लबवर बालंट आलं. इवाल्ड नावाच्या एका मॅजिस्ट्रेटनं क्लबच्या पुढाऱ्याला दहा हजार डॉलर देऊन आपली जागा मिळवली, असा आरोप झाला. त्यावरचा बचाव ऐकण्यासारखा आहे. म्हणे, पैसे साहेबांनी दिलेच नाहीत. साहेबांच्या बायकोनं पुढाऱ्याला उसने दिले, बिनव्याजी. खुर्ची नवऱ्याला, अन् पैशाचा जाब बायकोला! या साऱ्या कथेत पुढं जे घडायचं होतं त्याची सुरुवात इथंच दिसते.

आता दारूबंदीचं. १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. पिणं गुन्हा नव्हता. त्यामुळं पिणारे तेवढेच राहिले, अन् विकणारे मात्र गुंड झाले. शहरात गल्लोगल्ली चोरटे गुत्ते निघाले. बाहेर साधं दार, आत गाणंबजावणं. आमच्याकडं मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला तेव्हा ओढ्याकाठी हातभट्ट्या पेटल्या. नवसागर घातलेली दारू सायकलच्या ट्यूबमधून गावोगाव फिरली. जुन्या माणसांना ते दिवस चांगले आठवतात. हप्ता कुणाला पोचतो हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. न्यूयॉर्कातली ट्यूब फक्त फार मोठी होती. गुत्त्यात एकाच टेबलाला गुंड, पुढारी, पोलीस अन् जज बसत. त्या टेबलाशी नाटकांतून नाचणाऱ्या तरुण पोरीही असत. त्यांचा पगार तुटपुंजा, अन् नाटक बंद पडलं की तोही बंद. क्रेटरसाहेबांची तिथं ऊठबस होती. एका बाईच्या घराचं भाडंही ते वर्षानुवर्षं भरत होते.

दारूबंदी आणली होती ती पुष्कळशी बायकांनीच. नवरे पगार पिऊन टाकत, म्हणून बायकांच्या संघटनेनं पन्नास वर्षं रान उठवलं होतं. आपल्याकडंही ज्या १९३० च्या उन्हाळ्यात हा जज हरवला, त्याच उन्हाळ्यात गांधीजींच्या सांगण्यावरून बायका दारूच्या दुकानांपुढं निरोधनाला उभ्या होत्या. बाईनं दारूशी भांडायचं, अन् दारूच्या धंद्यातली घाण निस्तरायलाही बाईच. दोन्हीकडं हेच.

क्रेटरच्या बायकोचं नाव स्टेला. तिचा पहिला संसार मोडला तेव्हा घटस्फोटाचं काम क्रेटरनंच पाहिलं होतं. १९१७ साली तो निकाल लागला अन् लगेच दोघांनी लग्न केलं. मूलबाळ नव्हतं. फिफ्थ अव्हेन्यूवर घर, मोटार, ड्रायव्हर. उन्हाळ्यात राहायला मेन राज्यात बेलग्रेड लेक्स इथं तळ्याकाठी एक लहानसं घर. न्यूयॉर्कपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. झाडी, पाणी अन् शांतता. अमेरिकेत राज्यभर दारूबंदीचा कायदा पहिल्यांदा केला तो या मेननंच, पार १८५१ साली.

जुलैअखेर साहेब तिथं होते. शहरातून एक फोन आला. त्या लोकांना जरा सरळ करून येतो, अशा अर्थाचं काही तरी बायकोला सांगून ते निघाले. कोण लोक, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. नवरा बाहेर काय करतो हे विचारायचं नाही, ही शिस्त फक्त आपल्याच घरांतून असते असं नाही. ते मधेच एकदा परत आले. ३ ऑगस्टला पुन्हा गेले. ९ तारखेला स्टेलाचा वाढदिवस होता, तोवर येतो म्हणाले.

६ ऑगस्टला सकाळी साहेब कोर्टातल्या आपल्या खोलीत बसून कागद चाळत होते. कारकुनाकडून दोन चेक वटवून घेतले, एकूण ५,१५० डॉलर. कागद भरलेल्या दोन कुलपाच्या बॅगा घरी नेल्या. कारकुनाला बाकीचा दिवस सुटी दिली. संध्याकाळी बेलास्को थिएटरातल्या 'डान्सिंग पार्टनर' नाटकाचं एक तिकीट राखून ठेवलं. एकच. मग ४५ व्या रस्त्यावरच्या एका खाणावळीत जेवायला गेले. तिथं ओळखीचा एक वकील होता, अन् त्याच्याबरोबर सॅली लू रिट्झ नावाची नाटकातली तरुण मुलगी. तिघं एकत्र जेवले. साडेनवाच्या सुमारास उठले. नाटक केव्हाच सुरू झालं होतं. तपकिरी सूट, उंच कॉलर, डोक्यावर पनामा हॅट अशा वेषात साहेब फुटपाथवर उभे होते. तिथून पुढं त्यांचा ठावठिकाणा नाही.

आता पुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. एक जज नाहीसा होतो अन् जवळजवळ महिनाभर बोभाटा होत नाही! ९ तारीख गेली. स्टेला तळ्याकाठी वाट बघत राहिली. शेवटी तिनं ड्रायव्हरला शहरात धाडलं. तिथल्या मित्रमंडळींचा निरोप आला: काळजी नको, येतील. २५ ऑगस्टला कोर्ट उघडलं, साहेब खुर्चीवर नाहीत. तेव्हा सोबतच्या जजांनी गुपचूप शोधाशोध केली. पोलिसांपर्यंत अन् वर्तमानपत्रांपर्यंत बातमी गेली ती ३ सप्टेंबरला. त्या चार आठवड्यांत कुणाला काय काय झाकून ठेवायला सवड मिळाली असेल, याचा विचार करा.

बातमी फुटली अन् सगळ्या गावाची नजर बायांवर गेली. नाटकातली पोरगी कोण? भाडं भरत होते ती कोण? बायको गप्प का? लिबीज हॉटेल म्हणून एक मालमत्ता होती. तिची देखरेख कोर्टानं क्रेटरकडं सोपवली होती. ती पाऊण लाख डॉलरला विकली गेली, अन् पाठोपाठ रस्तारुंदीसाठी शहरानं तिचेच साडेअठ्ठावीस लाख मोजायचं ठरवलं. हा व्यवहार लोकांना तितका चवदार लागला नाही. आकड्यांना फोटो नसतो. सॅली लूला होता.

सॅली लू बाविशीची. सप्टेंबरात ती शहरातून दिसेनाशी झाली, तेव्हा पेपरांनी एकच गिल्ला केला. महिनाअखेर सापडली ती ओहायो राज्यात यंग्जटाउनला, आईबापाच्या घरी. म्हणाली, वडील आजारी असल्याचं कळलं म्हणून आले. घाबरलेली पोर माहेरी जाते, यात नवल काय? पण सात वर्षांनी, १९३७ सालीही पोलीस तिच्याकडं जाऊन तेच प्रश्न विचारत होते. एका जेवणाची एवढी किंमत. त्याच टेबलावर बसलेला वकील आपली वकिली करत राहिला.

जून ब्राइस ही दुसरी नाचणारी मुलगी. आदल्या दिवशी जजाशी बोलताना दिसली होती, एवढंच. ग्रँड ज्युरीपुढं चौकशी सुरू व्हायची त्याच दिवशी ती नाहीशी झाली. पुढं स्टेलाच्या वकिलानं मांडणी केली, की जजाकडून पैसे उकळायच्या कटात ही होती अन् तिच्या ओळखीच्या गुंडानं त्यांना संपवलं. खरं-खोटं करायला ती जाग्यावर नव्हती. सापडली तेव्हा १९४८ साल उजाडलं होतं. वेड्यांच्या इस्पितळात होती. तिच्याकडून काही कळण्याची वेळ केव्हाच टळली होती.

तिसरी व्हिव्हियन गॉर्डन. तिचं नाव या प्रकरणाला अफवेच्या दोऱ्यानं बांधलं गेलं. दोघांचा संबंध जोडणारा पुरावा काही पुढं आला नाही. पण तिची गोष्ट सांगितल्याशिवाय तो काळ कळत नाही. १९२३ साली पोलिसांनी तिला वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यात पकडलं. तिचं म्हणणं होतं, की नवऱ्यानं अन् पोलिसानं संगनमतानं हा गुन्हा लादला. त्यापायी तिची मुलगी तिच्या हातून गेली. मग ती खरोखरच त्या वाटेला लागली. १९३० साली सॅम्युअल सीबरी यांनी न्यूयॉर्कातल्या खालच्या कोर्टांची चौकशी सुरू केली. त्यात बाहेर आलं, की पोलीस, वकील अन् जामीनवाले मिळून निरपराध बायकांवर असले गुन्हे ठोकत, अन् सोडवायचे पैसे खात. पैसे नसतील ती तुरुंगात. हे ऐकून गॉर्डनला धीर आला. २० फेब्रुवारी १९३१ ला ती सीबरींच्या वकिलाला भेटून आपली कहाणी सांगून आली. २६ तारखेला ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कात तिचं प्रेत सापडलं. गळा आवळलेला. पेपरांत आईचं सगळं जिणं छापून आलं, अन् आठवड्याच्या आत तिच्या सोळा वर्षांच्या मुलीनं जीव दिला. खुनाचा खटला झाला. आरोपी सुटले.

म्हणजे बघा, गप्प बसलेल्या बाईला लोक म्हणाले, ही काही तरी लपवते. बोलायला गेली ती सहा दिवसांत मेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि स्टेला? ऑक्टोबरात ग्रँड ज्युरी बसली. पंच्याण्णव साक्षी झाल्या, पावणेदहाशे पानं जबान्या झाल्या. स्टेला मेनमध्येच राहिली, साक्षीला आली नाही. तिला दुसऱ्या राज्यातून ओढून आणता येत नव्हतं. लोकांना तेवढंच पुरलं. जानेवारीत ज्युरीनं हात टेकले, माणूस जिवंत की मेलेला यावर काही म्हणता येत नाही असं सांगून उठली. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टेला फिफ्थ अव्हेन्यूच्या घरी परतली. एका कपाटाच्या खणात तिला चार पाकिटं मिळाली. साडेसहा हजारांवर डॉलर रोख, चेक, शेअर, विम्याचे कागद, सगळं तिच्या नावे केलेलं जुनं मृत्युपत्र, अन् कुणाकडून किती येणं आहे त्याची साहेबांच्या हातची यादी. शेवटी, फार थकलोय, अशा अर्थाची एक ओळ.

पोलिसांनी ती जागा आधी झडती घेऊन पालथी घातली होती. तेव्हा तिथं काही नव्हतं. मग पाकिटं ठेवली कुणी, केव्हा? सवाल रास्त आहे. पण तो विचारला गेला स्टेलालाच. यादीत ज्यांच्याकडं येणं होतं, ती माणसं यादीतच राहिली.

इथं आमच्या वाडीतली एक काकी मला आठवते. तिचा नवरा दारूबंदीच्या दिवसांत तालुक्याला म्हणून गेला, आलाच नाही. भट्टीवाल्यांच्यात त्याची ऊठबस होती, एवढं गावाला ठाऊक. काकीनं कुंकू लावलं तर बाया म्हणायच्या, कुणासाठी गं? नाही लावलं तर म्हणायच्या, जित्या नवऱ्याचं वाईट चिंतते. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याची दर संक्रांतीला चर्चा. जुन्या रिवाजानं बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आपल्या पुराव्याच्या कायद्यात ती मुदत सात वर्षांची: सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो जिवंत आहे, हे तसं म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं बेपत्ता असलेल्या नवऱ्यापासून मोकळं होता येतं. पण कायदा सांगायला काकीच्या दारात कुणी आलं नाही. ती ना सवाष्ण, ना विधवा. रोजानं खुरपायला मात्र दोन्ही अवस्थांत जावंच लागायचं.

स्टेलाचंही तेच. कुंकवाचा प्रश्न नव्हता, विम्याचा होता. नवरा मेला हे कोर्टानं म्हटल्याशिवाय पैसे नाहीत, अन् प्रेतावाचून कोर्ट म्हणेना. फिफ्थ अव्हेन्यूचं घर गेलं. १९३७ च्या सुमारास ही जजीणबाई मेनमध्ये आठवड्याला बारा डॉलरवर टेलिफोन ऑपरेटर होती. १९३८ साली तिनं एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराशी लग्न केलं. पहिला नवरा कायद्यानं मेला तो त्याच्यानंतर, जून १९३९ मध्ये! विम्याचे वीस हजारांवर डॉलर तिला अखेर मिळाले. खून झाला असं सिद्ध झालं असतं तर दुप्पट मिळाले असते. ते कुणाला सिद्ध करायचं नव्हतं. दुसरा संसारही १९५० साली मोडला.

इकडं साहेब म्हणीत जाऊन बसले. कुणी नाहीसं झालं की अमेरिकेत म्हणू लागले, यानं क्रेटर केलं. विनोदवीरांना एक हुकमी विनोद मिळाला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या मेयरला, जिमी वॉकरला, सीबरींच्या चौकशीपायी राजीनामा द्यावा लागला. पण या फाईलला त्यानं काही फरक पडला नाही. पोलिसांनी ती १९७९ साली बंद केली.

स्टेलानं १९६१ साली एका लेखकाच्या मदतीनं आपली कहाणी लिहिली. पुस्तकाचं नाव 'द एम्प्टी रोब', म्हणजे रिकामा झगा. नवऱ्याला राजकारणातल्या माणसांनी संपवलं, असं तिचं मत शेवटपर्यंत होतं. दर वर्षी ६ ऑगस्टला ती ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका बारमध्ये जायची. दोन पेले मागवायची. एक उचलून, जिथं असशील तिथं तुझं भलं होवो असं म्हणून प्यायची. दुसरा भरलेला तसाच टेबलावर ठेवून निघून जायची. दारू आता कायद्याची झाली होती. १९६९ साली ती गेली.

अन् शेवटचा कागदही एका बाईच्याच घरातून निघाला. २००५ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक एक्क्याण्णव वर्षांची बाई वारली. तिच्या सामानात पाकीट मिळालं. वर लिहिलेलं, मी मेल्याशिवाय उघडू नये. आत तिच्या नवऱ्यानं ऐकलेली हकीकत होती: क्रेटरला एका पोलिसानं अन् त्याच्या टॅक्सी चालवणाऱ्या भावानं मारलं, अन् कोनी आयलंडला समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्याखाली पुरलं. आता त्या जागी मत्स्यालय आहे. पोलिसांनी जुनी दप्तरं तपासली. मत्स्यालयाच्या खोदकामात हाडं सापडल्याची नोंद मिळाली नाही.

हकीकत खरी की खोटी, ते बाजूला ठेवू. ऐकली नवऱ्यानं. सांभाळली बायकोनं. ज्यांच्याविषयी ती होती त्यांना मरून कितीतरी वर्षं झाल्यावरही तिनं ते पाकीट हयातीत उघडू दिलं नाही. व्हिव्हियन गॉर्डनचं काय झालं हे त्या शहरातल्या तिच्या पिढीला ठाऊक होतं.

या प्रकरणाला लोक कोडं म्हणतात. मला ते तेवढं अवघड कोडं वाटत नाही. पंच्याण्णव साक्षी झाल्या. पैसे कुठून आले अन् कुठं गेले, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या दारात कुणी शेवटपर्यंत ठाण मांडून बसलं नाही. जे दार जवळ होतं, उघडं होतं, तिथंच सगळे पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहिले, काय बोलली होतीस गं त्याला?